ज्योतीरामांच्या गळ्यातला हार

माणूस किती मोठा, हे त्याला ओळखणाऱ्यांच्या संख्येवरून ठरतं. त्या ओळखणाऱ्यांनी त्याला रस्त्यात ओळखलंच पाहिजे, अशी अट मात्र कुठेही नाही.

याच तत्त्वावर ‘ओळखपाळख’ हे संकेतस्थळ उभं आहे. थेरगाव ते चाकण कंपनीच्या बसमध्ये शेजारी डुलक्या काढणाऱ्याला ते ‘स्नेही’ करतं आणि त्याच्या साडूला ‘निकटवर्तीय’. (साडूची संमती धरून चालतात.) संकेतस्थळ स्वतः काहीही करत नाही, हा त्याचा मोठेपणा. बाहेरच्या मंडळींनी त्यावर आपापली ॲपं जोडायची. कुणी पंचांग जोडलं, कुणी रक्तगट, कुणी मेसच्या डब्याची चौकशी. प्रत्येक ॲप आपल्या फोनमधले सगळे नंबर मागतं, आणि आपण एका चतुर्थीच्या चंद्रोदयासाठी अख्खी सासुरवाडी देऊन टाकतो.

दापोडीच्या ज्ञानेशने असंच ‘फलक’ हे ॲप जोडलं. फोटो टाकला की फलक तयार, आणि ओळखीच्या सगळ्यांना रवाना. प्रसंग कोणता, हे ॲपच ठरवतं. हसरा चेहरा आणि केक म्हणजे वाढदिवस. हार आणि गंभीर चेहरा म्हणजे श्रद्धांजली. नियमात खोट काढायला जागा नाही.

ज्योतीराम काळदाते चाकणच्या एका कारखान्यात बावीस वर्षं फिटर आहेत. यंदा त्यांचा उत्कृष्ट कामगार म्हणून सत्कार झाला. गळ्यात झेंडूचा हार, चेहरा गंभीर. (साहेबांशेजारी उभं राहून दात काढणं आमच्याकडे हलकेपणाचं समजतात.) मुलगी तेजलने कौतुकाने तो फोटो ‘फलक’वर टाकला. चहा उकळेपर्यंत चारशे सतरा जणांनी भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली. पैकी एकतीस जण सत्काराला टाळ्या वाजवायला हजर होते.

‘मी जिवंत आहे,’ असं ज्योतीरामांनी लिहून पाहिलं. त्याखाली छप्पन्न जणांनी ‘ईश्वर कुटुंबीयांना बळ देवो’ असं लिहिलं.

एवढ्यावर भागलं असतं, पण तेजलचा साखरपुडा आठ दिवसांवर आला होता. होणारे व्याही गेनबा चऱ्होलीहून समक्ष आले. ज्योतीरामांच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला.

“पाव्हणं, तुमी जिवंत हाय, मला दिसतंय. पन चारशे मानसांनी लिवलंय. भावकीला काय सांगू? सुतकात सोयरीक केली म्हनत्याल.”

“मग करायचं काय?”

“तेरावं उरका. मंग साखरपुडा करू.”

“कुणाचं तेरावं?”

“तुमचंच की!”

ज्योतीरामांना संताप आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. पण पोरीचं ठरलेलं लग्न मोडू द्यायचं नव्हतं. चारशे सतरा जणांना निरोप गेले. पन्नास पानं मांडली, आले नऊ जण. वाढायला स्वतः ज्योतीराम होते. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

“लय भला माणूस होता राव,” लाडू फोडत एकजण म्हणाला.

“आणखी एक घ्या,” ज्योतीराम म्हणाले.

पुढच्या रविवारी साखरपुडा झाला. ज्ञानेशनेही चूक सुधारली; हार दिसला की ॲप आता प्रसंग विचारूनच घेतं. त्यामुळे या खेपेचा फलक अचूक आहे. तेजल आणि गेनबांचा आदिनाथ, दोघांच्या गळ्यात हार, नव्या नवलाईने दोघंही गंभीर, आणि वर ठळक अक्षरांत ‘साखरपुडा’.

त्याखाली पहिली भावपूर्ण श्रद्धांजली तुमची आहे.