बिजलीच्या नाण्याचा तपास

"माणूस गुप्तहेर होत नाही, नंदा. तो मुळात असावाच लागतो," महेंद्र पेंडुरकर आरशापुढे मिशीला पीळ देत म्हणाले. "माझी नजर घारीची, कान सशाचे आणि बुद्धी... बुद्धीला उपमाच नाही."

"मलाही कधी सुचली नाही," नंदाताई म्हणाल्या आणि त्यांच्या शर्टाची चुकलेली बटणं सरळ लावू लागल्या.

महेंद्ररावांची उभी हयात वीज खात्यात मीटर वाचण्यात गेलेली. लोकांच्या जिन्याखाली वाकून बघायची सवय रिटायर झाल्यावरही सुटेना, म्हणून त्यांनी दारावर 'खाजगी तपास' अशी पाटी ठोकली. असिस्टंट म्हणून पगार न मागणारी बायको घरात होतीच. आजवर सोसायटीतली हरवलेली एक चप्पल आणि एक तुळशीची कुंडी एवढी प्रकरणं त्यांनी हाती घेतली. चप्पल मालकाच्याच पायात निघाली. कुंडीचा तपास चालू आहे.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरची शिवानी धापा टाकत आली. "काकू, चला लवकर. बाबांचं नाणं गेलं."

बाबा म्हणजे तिचे सासरे आनंदा. पोलिसांच्या श्वानपथकातला माणूस. त्याने आणि बिजली नावाच्या लॅब्रडॉर कुत्रीने कल्याण स्टेशनात बेवारस बॅगा हुंगत बरोबरीने नोकरी केली आणि बरोबरच निवृत्ती घेतली. आता ती नावापुरतीच बिजली उरलेली, खोलीतून गॅलरीत जायचं तरी दोनदा विचार करायची. कामाच्या कुत्र्यांचा सन्मान म्हणून ठाण्यातल्या एका नाणेप्रेमी मंडळाने चांदीची स्मारक-नाणी पाडली होती. त्यातलं एक बिजलीचं, महिन्यापूर्वीच घरी आलेलं. आज संध्याकाळी ठाण्यात समारंभ होता, आणि ते नाणं मखमली पट्ट्यात बसवून आनंदाने स्वतः तिच्या गळ्यात बांधायचं होतं.

त्यानिमित्त घरी सत्यनारायण. सकाळी आनंदाने नाणं घासूनपुसून पूजेच्या तबकात ठेवलं, देवाचाही आशीर्वाद असू दे म्हणून, आणि बिजलीसाठी हार आणायला तो कल्याणच्या फुलबाजारात गेला. मुलगा सूरज आणि शिवानी पूजेला बसली. गुरुजी कुत्र्याला घाबरतात, म्हणून बिजलीला गॅलरीत बांधलेलं. आनंदा हार घेऊन आला तोवर गुरुजी पुढच्या यजमानाकडे गेले होते आणि तबकात नाणं नव्हतं.

"नाणं नाही, तर मी ठाण्याला जात नाही," आनंदा सोफ्यावर डोकं धरून म्हणाला. "कुठल्या तोंडाने जाऊ? हिने कधी एक बॅग चुकवली नाही, आणि मला एक चकती सांभाळता येईना. डॉक्टर म्हणतात हिचं आता फार राहिलं नाही. परत कधी व्हायचा सत्कार?"

नंदाताईंना गलबलून आलं. महेंद्रराव मात्र उंबऱ्यापाशी भिंग घेऊन ओणवे झाले होते.

"एसटीचं तिकीट. ठाण्याच्या खोपट डेपोतलं. चोर एसटीने आला, एसटीनेच पळणार. आनंदा, डेपो गाठ. जो खिशावर हात ठेवून उभा असेल, त्याच्यावर नजर ठेव."

"डेपोत सगळेच खिशावर हात ठेवून उभे असतात," नंदाताई म्हणाल्या.

पण आनंदा पडला पोलिसातला. हुकूम ऐकला की पाय आपोआप चालू लागायचे. तो गेलासुद्धा.

"काका, ते तिकीट माझ्या आईचं," शिवानी म्हणाली. "तिला रेल्वेचे जिने झेपत नाहीत, ती एसटीने येते."

"मग आधी सांगायचं नाही?"

"तुम्ही विचारलंत कुठे?"

महेंद्ररावांनी तो सिद्धांत खिशात घातला आणि दुसरा काढला. नाणी चोरणारी आंतरराष्ट्रीय टोळी, गच्चीवरून दोरीने उतरलेली. पण गच्चीला कुलूप, आणि किल्ली त्यांच्याच खिशात निघाली. मग ते शिवानीच्या पायांकडे बघत राहिले.

"चांदी वितळते, नंदा. वितळून दुसरं रूप घेते. हे पैंजण नवे दिसतात."

शिवानीचे डोळे भरले. "माझ्या पगारातून घेतलेत, काका."

"अहो, सकाळी पूजा आणि दुपारी पैंजण?" नंदाताई कडाडल्या. "सोनार काय मिक्सरमध्ये घडवतो?"

एव्हाना सूरजने बिजलीला सोडलं होतं. तिने हॉलमध्ये एक फेरी मारली आणि चौरंगासमोर जाऊन बसली. ताठ, नाक कलशाकडे. तीर्थप्रसादाला आलेल्या बायका थबकल्या. शेजारच्या गोदूबाईंनी तिच्या कपाळाला कुंकू लावलं. "पुण्यवान जीव हो. म्हातारपणी देवाची ओढ लागते." शिऱ्याचा द्रोण नाकापुढे धरला तरी बिजली हलली नाही.

"तपासात लुडबूड नको," म्हणत महेंद्ररावांनी तिला पट्ट्याला धरून दूर केलं. ती लंगडत परत आली आणि तिथेच बसली. त्यांनी पुन्हा हलवलं. ती पुन्हा आली.

ऊन कलताना आनंदा परतला. "लोकांच्या खिशांकडे बघत उभा राहिलो, तर वॉचमनने मलाच धरलं," तो म्हणाला, आणि बिजलीकडे लक्ष जाताच दारातच थांबला. "ही अशी कधीपासून बसलीय?"

"दुपारपासून. देवाचं करतेय," गोदूबाई म्हणाल्या.

"देवाचं नाही, मावशी. ती ड्यूटी करतेय."

वास लागला की भुंकायचं नाही, हात लावायचा नाही, समोर बसून राहायचं, हे तिचं शिक्षण. तिचं नाक मंदावू नये म्हणून आनंदा रोज हेच नाणं घरात कुठेतरी लपवायचा आणि ती शोधायची.

सूरजने गुरुजींना फोन लावला. "गुरुजी, कलशात काय घातलंत?"

"सुपारी, हळकुंड, नाणं. नेहमीचंच," स्पीकरवरून आवाज आला. "हल्ली सगळे मोबाइलवर पैसे देतात, घरात नाणं म्हणून मिळत नाही. तुम्ही दोघं तयार होत होतात तेव्हा मी कलश मांडला, तुमच्या तबकात नाणं दिसलं, बरं वाटलं."

सूरजने कलशाला हात घालताच गोदूबाईंनी तो धरला. "उत्तरपूजा झाल्याशिवाय कलश हलवायचा नाही." मग गुरुजींनी दुसऱ्या यजमानाच्या स्वयंपाकघरात उभं राहून फोनवरच मंत्र म्हटले, सूरजने अक्षता वाहिल्या, कलश हलवला, नारळ उतरवला. आनंदाने पाण्यात हात घालून नाणं काढलं. हळदीने पिवळं झालेलं.

"आतल्याचं काम आहे, हे मी पहिल्यापासूनच..." महेंद्ररावांनी सुरुवात केली.

"आधी शिवानीची माफी मागा," नंदाताई म्हणाल्या. त्यांनी मागितली. अगदी हळू आवाजात, पण मागितली.

खाली रिक्षा आली. सगळे निघाले, बिजली जागची उठेना.

"पाय आखडले असतील, दुपारपासून बसलीय," गोदूबाई म्हणाल्या.

आनंदा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. समारंभापर्यंत न थांबता नाण्याचा मखमली पट्टा तिच्या गळ्यात बांधला, ओल्या हाताने तिचं कपाळ थोपटलं. "शाब्बास, बिजली. सापडलं."

मग ती उठली. दिवसभर घर माणसांनी भरलेलं होतं, सगळे तिला नमस्कार करून गेले, पण तिला हवा असलेला तो एक शब्द कुणी बोललं नव्हतं.