आबांचं धुळं आणि नानांचं जळगाव

वसंत आला हे आमच्या गल्लीला आबांच्या रागावण्यावरून कळतं. माघ संपत आलेला असतो, पहाटे गोधडी सोडवत नाही, आणि कंपाउंडच्या भिंतीपलीकडून आवाज येतो, "आलास? इतके दिवस कुठे उलथला होतास?" नव्या भाडेकरूंना वाटतं, म्हातारा उशिरा घरी आलेल्या मुलाला झापतोय. आबा झापत असतात ते शेवग्याच्या फुलाला लटकलेल्या अंगठ्याएवढ्या शिंजिर पाखराला.

आबा म्हणजे धुळ्यात देवपूरला आमचे शेजारी. एका शाळेत पी.टी.चे सर होते. निवृत्त झाल्यावर शिट्टी शाळेत राहिली, आवाज घरी आला. बायको वारली, मुलगी सुरतेला दिलेली. घरात एकटेच असतात, पण एवढं बोलतात की बाहेरून वाटावं आत चारपाच माणसं भांडताहेत.

एका रविवारी सकाळी त्यांनी माझं दार असं बडवलं की मला वाटलं आग लागली. "लिंबावर फुलपाखरू बसलंय. या सालचं पहिलं. तुम्ही झोपा." मी बनियनवरच धावलो. काळं-पिवळं फुलपाखरू पंख पसरून ऊन खात बसलं होतं. मी सवयीने मोबाइल काढला.

"खिशात घाला ते. चेहऱ्यावर डोळे आहेत की शर्टाची बटणं?"

तेवढ्या आवाजाने फुलपाखरू उडालं. मग आबा त्याच्यावर चिडले, मी उशिरा आलो म्हणून माझ्यावर चिडले, आणि चहा विचारायचं राहून गेलं म्हणून आणखी चिडले.

कोपऱ्यावर शांतीभाऊंचं किराणा दुकान आहे. मागे एकदा त्यांच्या गॅलरीखाली मधमाश्यांनी पोळं धरलं. शांतीभाऊंनी पोळं जाळायला माणूस बोलावला. आबांनी घरून खुर्ची आणली आणि नेमकी पोळ्याखाली मांडून बसले.

"आधी खुर्ची पेटवा, मग माश्या."

"आबा, गिऱ्हाइकाला चावतील हो."

"गिऱ्हाइकाला तुमचा भाव चावतो. माश्यांचं नाव कशाला?"

तो माणूस कंटाळून निघून गेला. पुढे माश्या आपल्याआपण उठून गेल्या, पण तोवर शांतीभाऊ दुकानात मागच्या दाराने ये-जा करत होते.

हे सगळे किरकोळ राग. आबांचा खरा राग जळगावसाठी राखून ठेवलेला असे. तिथे मेहरूण तलावाजवळ त्यांचे थोरले भाऊ नाना राहतात. साक्रीकडे त्यांच्या गावच्या शेतात बांधावर मोहाचं एक जुनं झाड होतं. फुलं पडायला लागली की पहाटे पाखरांचा नुसता बाजार भरायचा, आणि हे दोघे भाऊ लहानपणी त्याखाली जाऊन बसायचे. नानांनी गोठा वाढवायला ते झाड तोडलं, आबांना न विचारता. त्या दिवसापासून बोलणं बंद. एकमेकांच्या घरच्या लग्नांनाही गेले नाहीत.

फक्त वसंतात एक फोन होई. त्या सालचं पहिलं पाखरू किंवा फुलपाखरू आलं की आबा जळगावला फोन लावत, घरच्या अहिराणीत आणि तेही स्पीकरवर, त्यामुळे सगळी गल्ली ऐके.

"आठे तांबट बोलना. तुनाकडे?"

"आम्हनाकडे कालच बोलना."

"खोटं बोली ऱ्हायना तू."

एवढंच. ख्यालीखुशाली नाही. फोन आपटून आबा आमच्याकडे वळत, "तलाव उशाशी घेऊन बसलाय. त्यात काय मर्दुमकी? आणि दर साली याचं कालच."

यंदा लिंबावर फुलपाखरू लवकर आलं. आबांना खात्री होती की या वेळी नाना हरले. मी अंगणातच उभा होतो. फोन नानांच्या सुनेने उचलला.

"आबा, नानांना बोलता येत नाही. दिवाळीनंतर झटका आला. उजवी बाजू गेली."

आबांनी फोन तोंडाजवळ आणला. मग म्हणाले, "दिवाळीनंतर? आणि मला आज सांगताय?"

"तुमचं येणं-जाणं नव्हतं ना, आबा."

त्या दिवशी आबांनी कुणाला सोडलं नाही. दूधवाल्याला झापलं, पेपरवाल्याला झापलं, शेवग्याखाली उभं राहून शिंजिराला हाकललं. संध्याकाळी माझ्या दारात आले. "उद्या तुमचं जळगावला काहीतरी काम असेल."

"नाही, आबा."

"मग काढा."

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने निघालो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आबा खिडकीबाहेर बघत हायवेवर चिडत होते. इथला कडुनिंब कुठे गेला, तिथली चिंच कुणी खाल्ली. नानांचं नाव एकदाही घेतलं नाही.

नाना खाटेवर पडले होते. समोर टीव्ही चालू होता आणि ते त्याच्याकडे बघत नव्हते. आबांनी चपलाही काढल्या नाहीत.

"माणसाला भिंतीकडे तोंड करून ठेवलंय. खिडकी कशाला बांधली मग?"

सून म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, हवा लागू देऊ नका."

"डॉक्टरला खाटेवर झोपवा." त्यांनी टीव्ही बंद केला, मला खाटेचं एक टोक धरायला लावलं, आणि आम्ही नानांना खाटेसकट खिडकीकडे फिरवलं. बाहेर अंगणात कडुनिंब होता, नवी तांबूस पालवी फुटलेला.

मग आबा भावाकडे वळले. इतक्या वर्षांचा राग एकदम बाहेर आला. "एक शब्द इचारं नही तू माले. एक शब्द. तोडू का, इतकंच. मी नाही म्हणालो असतो, तू तोडलंच असतंस, पण इचारतास तर." नानांच्या डोळ्यांतून पाणी गालावर उतरत होतं आणि त्यांचा डावा हात चादरीवर काहीतरी चाचपत होता. आबांनी तो धरला. धरला म्हणजे पी.टी.च्या वर्गात पोराचं मनगट धरावं तसा. पण मग सोडला नाही.

संध्याकाळी मी बसची वेळ झाल्याचं सांगितलं. "जा तुम्ही," आबा म्हणाले. "या लोकांना खाट कुठे ठेवायची ते कळत नाही."

ते अजून तिकडेच आहेत. त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, झाडांना पाणी मीच घालतो. काल सकाळी नळी धरून उभा होतो. आमच्याकडचा कडुनिंब फुलून आलाय, त्यावर माश्यांची गुणगुण चालू होती, वर एक कोकीळ घसा ताणून ओरडत होता. फोन वाजला.

"काय काय आलंय तिकडे?" आबांनी विचारलं.

"आबा, इकडे तर सगळं झाड..."

"मोठ्याने सांगा. नाना ऐकतोय. अजून काहीच आलं नाही ना धुळ्यात?"

मी नळी खाली ठेवली, कोकिळाचा आवाज फोनमध्ये जाऊ नये म्हणून घरात शिरलो आणि दार लावून घेतलं.

"काही नाही, आबा. सगळं सुकलेलं आहे. एक पाखरू नाही."

"ऐकं का?" आबा पलीकडे भावाला म्हणाले. "औंदाबी तूच पहिला."

मग फोनमध्ये एक घोगरा, अडखळता आवाज आला. आबांचा नव्हता. बराच वेळ चालू राहिला.

"काय झालं, आबा?"

"हसतोय," आबा चिडून म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.