चुरीसर आणि तिसऱ्या सर्व्हरची तक्रार

आमच्या चुरीसरांना कुणी काहीही सांगितलं की प्रश्न ठरलेला: "बघितलंस की ऐकलंस?" कॅन्टीनमध्ये आज बोंबील आहेत म्हटलं, तरी ते आत जाऊन स्वतः झाकण उचलून येत. डहाणूच्या एका हॉस्पिटलात आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो. मी नवा, ते मुरलेले.

ही २०१७ सालची गोष्ट. तीन सर्व्हरवर रक्तपेढीपासून लॅबपर्यंत सगळ्यांचं काम चाले. डेटा मात्र वेगळ्या पेटीत, म्हणजे स्टोरेजमध्ये. तिथवर जायला दोन वाटा. एक बंद पडली तर दुसरी. त्या दिवशी अकराला पहिली वाट बंद करून तिच्यावरचं जुनं यंत्र बदलायचं होतं. दहाला सरांनी स्क्रीन पाहिले. दोन सर्व्हर म्हणत होते, दुसरी वाट चालू. तिसरा म्हणत होता, बंद.

मुंबईहून स्टोरेजच्या कंपनीची इंजिनिअर मुलगी फोनवर होती. "सर, ते जुनं स्टेटस आहे. रिफ्रेश करा आणि पुढे जा."

रिफ्रेश केलं. आता तिसरा म्हणाला चालू, आणि पहिला म्हणाला बंद!

"बघितलंत की ऐकलंत?" सर कडाडले. "काय म्हणून पुढे जाऊ?"

मग फेऱ्या सुरू. स्क्रीन, सर्व्हरच्या कपाटाची मागची बाजू, पुन्हा स्क्रीन. मॅनेजर दारात घड्याळ दाखवत उभे.

"चुरी, अकरा वाजले."

"वाजू देत! वर ऑपरेशन चाललंय. रक्ताची नोंद अडली तर तुम्ही जाऊन सांगणार?"

मॅनेजर गेले. त्या मुलीवर मात्र सर अर्धा तास ओरडत होते.

शेवटी चपला काढून ते कपाटामागे शिरले आणि एकेक वायर बोटानं हलवून पाहिली. दुसऱ्या वाटेची वायर स्टोरेजपाशी नीट बसलीच नव्हती. मध्येच सुटे, मध्येच लागे. जो सर्व्हर जेव्हा विचारी, त्याला तेव्हाचं उत्तर. वायर बदलली. तासभर तिन्ही स्क्रीन एकच बोलले, तेव्हा कुठे सरांनी पहिली वाट बंद करू दिली. कुणाचंही काम अडलं नाही.

दुपारी मॅनेजरांनी लेखी अहवाल मागितला. चुकीचा सल्ला कुणी दिला, ते नावासकट. सरांनी लिहिलं, 'कंपनीच्या इंजिनिअरच्या मदतीने दोष सापडला.'

मी चाटच पडलो. "सर, ती तर पुढे जा म्हणत होती!"

सरांनी कागदाची घडी घातली. "माझी पोरगी पुण्यात असलेच फोन घेते. दिवसभर कोण काय बोललं, मला कधी सांगत नाही."

मग त्यांनी मुंबईला फोन लावला. घसा खाकरून म्हणाले, "बाळ, मघाशी जरा जास्तच बोललो. जेवलीस का?"