खारूताईने भाव पाडला

एका जंगलात एक खार राहायची. कुठलं जंगल, असं विचारणाऱ्यांनी मागे जाऊन बसावं.

या खारूताईचा जांभळांचा धंदा. जांभळं पिकायची वीस दिवस, त्यावर वर्षाचं पोट. गिऱ्हाईक सगळं नदीपलीकडचं. यंदा तिकडून सांगावा आला, "मागणी यापुढे नेटवरच देऊ." म्हणून खारूताईने बिनतारी इंटरनेट घ्यायचं ठरवलं.

कंपनीचा माणूस आला. माणूस म्हणजे तरस. हसतच आला.

शेजारचे साळिंदरकाका म्हणाले, "पोरी, आधी तुझ्या फांदीवर रेंज येते का बघ. नाही आली तर करार सोडता येईल, असं लिहून घे."

"तेही लिहू की," तरस म्हणाला. "मग भाव मात्र कमी होणार नाही."

"कलमं काय चाटायचीत?" खारूताई म्हणाली. "काका, बाजार मला शिकवू नका." मग तरसाकडे वळली, "तुम्ही भाव बोला हो."

तिने नाक मुरडलं. उठून चालू लागली. तरसाने परत बोलावलं. ती पुन्हा उठली. तिसऱ्यांदा परतली तेव्हा भाव निम्म्यावर आला होता.

"आणि वर काय?" भाजीवर कोथिंबीर मागतात ना, तसं विचारलं तिने.

"वर एक वर्ष फुकट. करार तीन वर्षांचा, तो चार वर्षांचा."

खारूताईने शेपटी फुगवून अंगठा उठवला.

जांभळं पिकली. फांदीवर नेट काही आलं नाही. खारूताई तरसाकडे धावली.

"हे काढून न्या तुमचं."

"चार वर्षं काढता येत नाही, ताई."

"चार कुठली? तीन."

"चौथं तुम्हीच मागून घेतलंत." तो हसला. तसा तो नेहमीच हसतो.

पलीकडच्यांनी दुसरीकडून जांभळं घेतली. खारूताईची झाडाखाली सडली. वीस दिवस संपले.

पुढे जंगलातल्या धंदेवाल्यांची सभा भरली. आता सगळ्यांनाच नेट हवं होतं. कंपनीशी बोलणार कोण? कुणीतरी साळिंदरकाकांचं नाव घेतलं.

"ते कलमं काढत बसतात," अस्वल म्हणालं. "निम्म्यावर कुणी आणलं होतं?"

सगळे खारूताईकडे वळले. तिने दोन दिवस काही खाल्लं नव्हतं. तरी ताठ बसली आणि म्हणाली, "तुम्हाला वर दोन वर्षं मिळवून देते."

तात्पर्य: बाळांनो, करारात कलमं बघू नयेत, भाव पाडावा. सडक्या जांभळांचा वास आठवड्यात जातो. भाव कसा पाडला हे मात्र चार वर्षं सांगता येतं, आणि ते गावभर व्हायला नेटही लागत नाही.