जावईबापूंचं पक्कं काम

गेल्या खेपेला सासूबाईंची काठी पायरीच्या भेगेत अडकली होती. त्या पडल्या नाहीत, पण "जावईबापूंच्या घरी जपून चालावं लागतं," हे त्यांनी नातेवाइकांत इतक्या ठिकाणी सांगितलं, की जावईबापूंना चारचौघांत तोंड दाखवायची चोरी झाली. म्हणून या वेळी त्या यायच्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि सकाळीच भेग बुजवायला घेतली.

बायको दातांची डॉक्टर. दवाखान्यात जाता जाता ती पायरीपाशी थांबली.

"अहो, आधी आतला चुरा काढा. साफ केल्याशिवाय भरायचं नसतं."

"ही पायरी आहे, दाढ नाही."

ती वळणाआड गेल्यावर मात्र त्यांनी जुन्या टूथब्रशनं भेग मुकाट्यानं घासून काढली.

दुकानदारानं झटपट घट्ट होणारं सिमेंट दिलं होतं. थोडं थोडं कालवा, असं पुड्यावर लिहिलेलं होतं, पण चष्मा आत राहिला होता. करंगळीएवढ्या भेगेसाठी त्यांनी अख्खा पुडा बादलीत ओतला. पायरी झाली तरी बादली जवळजवळ भरलेलीच. माल तर आळायला लागलेला, आणि टाकून द्यायला जीव होईना.

मग ते भेगा शोधत निघाले. अंगणातल्या बुजवल्या, कुंपणाच्या भिंतीतल्या बुजवल्या. भेगा संपल्या, माल संपेना. शेवटी फाटकाचा खालचा बोल्ट जमिनीत उतरतो तिथे, बोल्टभोवती, एक गोल फट दिसली. ती त्यांनी काठोकाठ भरली, थापीनं गुळगुळीत केली आणि समाधानानं आंघोळीला गेले.

दुपारी सासूबाई रिक्षातून उतरल्या. त्यांनी फाटक ढकललं. मग खांदा लावून ढकललं. जावईबापू धावत आले आणि आतून ओढू लागले. बोल्ट तसूभर वर येईना.

"मला घरात घ्यायचं नसेल तर तसं सांगा," सासूबाई म्हणाल्या.

"तसं नाही हो, आई. फाटक जरा... पक्कं झालंय."

त्यांनी फाटकावरून खुर्ची बाहेर दिली. मग पाणी दिलं. मग चहा. सासूबाई रस्त्यावर ऐसपैस बसल्या. येणारा-जाणारा थांबून विचारी, आणि त्या प्रत्येकाला पायरीपासून सुरुवात करून सगळं सांगत. आत जावईबापू गजांना धरून उभे होते. एका म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघून हळूच विचारलं, "यांना कशामुळे कोंडलंय?"

बायको परतली तेव्हा फाटकाशी चांगलीच गर्दी जमली होती. तिनं वाकून बोल्ट बघितला, बोटानं ठोकला.

"काढावं लागेल."

"थोडंसं खरवडून नाही चालणार?"

"नाही. मुळासकट."

जावईबापूंनी छिन्नी-हातोडा आणला. सिमेंटचा टवका उडेना. शेवटी त्यांनी चिडून पहारीनं फाटकच बिजागऱ्यांतून उचकटलं. ते सिमेंटात रुतलेला बोल्ट वाकवत रस्त्याकडे कलंडलं. गर्दी वेळेवर मागे सरली, आणि सासूबाई पाहुण्याला शोभेलशा डौलात आडव्या फाटकावरून चालत आत आल्या.

आता काय ऐकावं लागतंय, या भीतीनं जावईबापू थापी धुवायच्या निमित्तानं नळाशी जाऊन बसले.

"तुझा नवरा गुणी निघाला गं," मागून सासूबाईंचा आवाज आला. "आमच्या गच्चीच्या भेगा दरवर्षी भरते, दरवर्षी उघडतात. एक गवंडी धड मिळत नाही. आणि यांचं काम बघ. बिजागऱ्या निघाल्या, पण सिमेंट हललं नाही. मी स्वतः खांदा लावून पाहिलाय. परवा जाताना यांना सोबतच घेऊन जाते."

जावईबापूंनी मोठ्या आशेनं बायकोकडे पाहिलं.

"खुशाल ने," बायको म्हणाली. "फक्त ते काम करत असतील तेव्हा गच्चीच्या दाराच्या आत थांबायचं की बाहेर, ते आधी ठरवून ठेव."