सरासरी एक्केचाळीस चोऱ्या

पोलीस ठाण्यात तेवीस वर्षं नोंदवही सांभाळणाऱ्या कारकूनबाईंना साहेबांनी गुन्ह्यांचं संख्याशास्त्र शिकायला धाडलं. वर्गातली निम्मी मुलं त्यांच्या लेकीच्या वयाची. तरी बाईंना गोडी लागली. भाजी निवडता निवडता त्या नवऱ्याला नमुना कसा काढतात ते समजावू लागल्या.

पहिला गृहपाठ सर्वेक्षणाचा होता. ठाण्यामागच्या गल्लीतल्या साठ घरी जाऊन वर्षभरात किती चोऱ्या झाल्या ते विचारायचं. उत्तर न मिळाल्यास रकान्यात नव्याण्णव लिहा, म्हणजे हिशेब करताना ती घरं वगळता येतात, असं शिक्षिकेने बजावलं होतं. पंचवीस दारं उघडलीच नाहीत. बाईंनी इमानेइतबारे पंचवीसदा नव्याण्णव लिहिलं. वगळायचं तेवढं राहिलं.

संगणकाने ते नव्याण्णवही चोऱ्याच धरून सरासरी काढली: घरटी एक्केचाळीस चोऱ्या. बाईंना आकडा जरा जड वाटला, पण संगणकाशी वाद कोण घालणार? कागद टेबलावर ठेवून त्या चहाला गेल्या आणि तेवढ्यात तो साहेबांच्या हाती पडला. ठाण्याच्या वहीत त्या गल्लीतली वर्षभराची एकच चोरी होती. साहेबांना घाम फुटला. संध्याकाळी गल्लीत चार शिपायांची गस्त सुरू झाली.

शिक्षिकेने चूक दाखवली तोवर आठवडा उलटला होता. निदान खरा आकडा घेऊन साहेबांपुढे जावं, म्हणून बाई पुन्हा त्या पंचवीस घरांकडे गेल्या. या वेळी टकटक केल्याबरोबर दार उघडलं. एका आजींनी त्यांना आत बसवलं.

"मागे तूच आली होतीस ना? आम्ही आतच होतो गं," त्या म्हणाल्या. "भीतीने कडी काढली नाही. आता बाहेर शिपाई असतात."

त्या पंचवीसपैकी अकरा घरांत चोरी झाली होती आणि एकानेही तक्रार दिली नव्हती. बाईंनी सगळ्यांना तक्रार द्यायला लावली.

महिनाअखेर साहेबांना वरून विचारणा आली: वर्षाला एक चोरी होणाऱ्या गल्लीत गस्त लावताच महिन्यात अकरा कशा? साहेब तो कागद घेऊन बाईंच्या टेबलाशी आले. बाईंनी आपल्या चुकीसकट सगळं एका दमात सांगून टाकलं.

"चोऱ्या वाढल्या नाहीत साहेब," त्या शेवटी म्हणाल्या, "सांगणारे वाढलेत."

साहेब गस्त राहू दे म्हणाले, उत्तरही बाईंनाच लिहायला सांगितलं. बाई लिहायला बसल्या, तर साहेबांनी समोरची खुर्ची ओढली आणि खिशातलं पेन काढलं.

"जरा सावकाश सांगा," ते हळूच म्हणाले. "वरच्यांनी मलाच विचारलं तर?"