रेजिनासाठी काचेचा महाल

एक मे, सकाळी सहा वाजता आमच्या जेवणाच्या खोलीतलं काचेचं कपाट रिकामं होतं. कुलूप जागेवर, किल्ली माझ्या खिशात, आत दिवा चालू, आणि सापाचा पत्ता नाही!

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमच्या डोंगराळ गावात साप सांभाळणारे पुष्कळ आहेत, पण मी दिलं तसं घर सापाला आजवर कुणी दिलेलं नाही. आम्ही वसंतात बिनविषारी साप पकडतो, सणापर्यंत घरी ठेवतो, एक मेला संत दोमेनिकोच्या मूर्तीच्या गळ्यात घालतो आणि मग जिथून आणले तिथे नेऊन सोडतो. पहिला साप घालायचा मान पिढ्यान्‌पिढ्या माझ्या मेव्हण्याच्या, चेसिदियोच्या घराण्याकडे होता. यंदा माझी सापीण रेजिना गावात सगळ्यांत लांब भरली आणि फादर गाउदेन्झोंनी तो मान मला दिला! आता असल्या पाहुणीला चेसिदियोसारखं आजोबांच्या भोकं पाडलेल्या पेटीत, कोंड्यात कोंबून ठेवायचं?

"ही पेटी आहे की तुरुंग?" मी त्याला विचारलं.

"दाजी, सापाला अंधार लागतो, ऊब लागते, अंगासरशी जागा लागते," तो म्हणाला. "त्याला काय पाहुणे बोलवायचेत?"

मी बोलावले! माझी बायको लोरेता हिच्या काचेच्या कपाटातल्या सगळ्या कपबश्या मी न्हाणीघराच्या टबात हलवल्या. कपाटात ऑलिव्हची फांदी, पाण्याचं वाडगं, वर दिवा. दिव्याच्या तारेसाठी मागच्या फळीला ऐसपैस भोक पाडलं, आणि तेही कानस मारून गुळगुळीत केलं, रेजिनाला खरचटू नये म्हणून! समोर खिडकी, खिडकीत डोंगर.

"मला लग्न करून आणलीस तेव्हा खिडकी नसलेली खोली दिली होतीस," लोरेता म्हणाली.

"तू कुठे संताच्या गळ्यात पडणार होतीस?"

"आणि आता आंघोळ कुठे करू? कपबश्यांवर बसून?"

गाव बघायला लोटलं. रेजिना दिवसभर काचेला नाक लावून असायची.

"डोंगराचा देखावा बघतेय!" मी सगळ्यांना सांगायचो.

"देखावा कसला दाजी, बाहेर पडायची वाट शोधतेय," चेसिदियो म्हणाला. जळणारे जळतात. मी त्याला कॉफी पाजून वाटेला लावला.

तर, कपाट रिकामं! मी पलंगाखाली बघितलं, बुटांत बघितलं, टबात हात घालून दोन कप फोडले, ओव्हनमध्ये डोकं घातलं.

"काय शोधतोयस?" लोरेता.

"मोजे."

"ओव्हनमध्ये?"

तेवढ्यात आमची लेक एर्सिलिया सणाचा पोशाख घालून आली. मूर्तीपुढे डोक्यावर साखर लावलेल्या, मधे भोक असलेल्या गोल पावांच्या टोपल्या घेऊन मुली चालतात, त्यांत यंदा तीही होती. तिची टोपली रात्रभर कपाटाशेजारच्या टेबलावर, भरतकामाच्या कापडाखाली निवत पडली होती.

"बाबा, आईने पाव घातलेत की दगड? मान मोडली माझी!"

"सवय होईल, पोरी. ताठ चाल!" असं म्हणून मी पुन्हा कोटाचे खिसे चाचपायला लागलो.

शेवटी कापडी पिशवीत टॉवेल गुंडाळून घातला आणि छाती काढून चर्चसमोर जाऊन उभा राहिलो. गर्दीला सुमार नव्हता. मूर्ती बाहेर आली.

"बेरार्दो, ये पुढे!" फादर म्हणाले.

"फादर, जरा थांबू या. झोपलीय ती."

"या बँडच्या आवाजात?"

चेसिदियोने पिशवीत वाकून बघितलं. "दाजी, हिला झालर फुटलीय! कात टाकतेय का?"

चेसिदियोचा साप त्याच्या हातात तयारच होता. मी पिशवीत हात घातला. गाव श्वास रोखून उभं होतं, आणि माझ्या मुठीत टॉवेल होता!

तेव्हा मागून एर्सिलियाचा शांत आवाज आला. "बाबा, तुझी रेजिना माझ्या डोक्यावर आहे. ओरडू नकोस, पाव सांडतील."

भरतकामाचं कापड हललं. सगळ्यांत वरच्या पावाच्या भोकातून रेजिनाचं डोकं बाहेर आलं, नाकाला साखर लागलेली! बँड थांबला. दुसऱ्या गावची पोरगी असती तर टोपली टाकून समुद्रापर्यंत धावली असती. माझ्या पोरीची पापणीही हलली नाही!

टाळ्यांचा कडकडाट झाला. "मीच ठेवली होती तिथे!" मी ओरडलो. लोरेताने माझ्याकडे जे बघितलं ते मी बघितलं नाही. मी रेजिनाला उचललं आणि संताच्या गळ्यात घातलं. पहिली! चेसिदियोने टोपी काढली. आमच्या घराण्यात असा दिवस कुणी पाहिला नव्हता, आणि तो माझ्या हाताने आला.

"अंधार, ऊब, अंगासरशी जागा," टोपी परत घालताना चेसिदियो पुटपुटला. मी ऐकलं नाही.

मिरवणूक चर्चमध्ये परतली. जो तो आपापला साप आपापल्या पेटीत घालू लागला. माझा महाल घरी! मी पिशवी पुढे केली. रेजिनाने टॉवेलकडे बघितलं, संताच्या खांद्यावरून उतरली आणि सरळ कबुलीच्या पेटीत शिरली. जाळीमागे बसून फादर आमची पापं ऐकतात ती ही पेटी: काळोखी, अरुंद, लाकडी.

तेव्हापासून गावात कुणी पाप कबूल केलेलं नाही.

"तुझी पाहुणी, तूच काढ," फादर म्हणाले. म्हणून मी रोज जाळीपाशी गुडघे टेकून तिला हळूच हाका मारतो. येणारेजाणारे मला फार भाविक समजतात. लोरेता मागच्या बाकावर बसते आणि म्हणते, "कपबश्यांचं पाप आधी सांग. आणि जरा मोठ्याने!"

आज सकाळी चेसिदियोने आजोबांची पेटी ताजा कोंडा भरून कबुलीच्या पेटीच्या दाराशी आणून ठेवली. मग मीही चार माणसं लावून काचेचं कपाट चर्चमध्ये आणलं आणि त्याच्या पेटीच्या शेजारी उभं केलं. काचा पुसल्या. दिवा लावला.

हे लिहीपर्यंतची ताजी बातमी: रेजिनाचं डोकं बाहेर आलं आहे. ते अजून कुणाकडेच वळलेलं नाही.